रीळ नंबर नऊ

मी फिल्मचा डबा आहे. पत्र्याचा, गोल, ताटाएवढा. झाकणावर रंगानं ‘रीळ ९’ लिहिलंय. बोलायची मला सवय नाही. जमेल तसं सांगतो.

चौदा डब्यांचा आमचा एक कृष्णधवल मराठी चित्रपट होता. माझ्या पोटात अकरा मिनिटं, त्यांतली चार नलिनी देवरुखकर या नटीची. काम मोठ्या वहिनीचं. नवरा गेल्याचं पत्र येतं आणि ती आंधळ्या सासूला ते वाचून दाखवते, “खुशाल आहेत, पुढच्या महिन्यात येतायत.” तेव्हा थेटरात शेंगदाण्याची पुडीसुद्धा वाजत नसे. पेपरात मात्र नायिकेच्या डोळ्यांबद्दल छापून आलं.

पुढे बाईंना वहिनीच मिळत गेली. मग विधवा नणंद, मग आत्या. वय तिशीचं आणि केसांना पांढरी पावडर.

काही वर्षांनी आमची प्रत भंगारात निघाली. फिल्ममधली चांदी काढून घ्यायचे, उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या करायचे. बाई गोदामात धावत आल्या.

गोदामवाला हसला. “न्यायचंच तर हिरॉईनच्या गाण्याचं रीळ न्या. तुमचं कोण बघणार?”

“मी बघीन.”

बघायला यंत्र कुठे होतं? बोरीवलीच्या घरात त्यांनी मला कपाटात ठेवलं. दर दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि हवा लागू नये म्हणून झाकणाभोवती नवी चिकटपट्टी, जुनीवरच. आपण केवढं राखतोय, याचा मलाही गर्व होता.

यंदा बाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या झाल्या. गोरेगावच्या एका मंडळानं सत्कार ठरवला. तिथं ती चार मिनिटं दाखवायची म्हणून भाची जान्हवीनं जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या श्यामसुंदरला घरी आणलं. बाई सकाळपासून काठापदराची साडी नेसून बसल्या होत्या.

त्यानं सुरीनं पट्ट्या कापल्या. झाकण निघालं आणि घरभर आंबट वास सुटला. आत गुळाच्या ढेपेसारखा एक गोळा होता.

“होईल ना रे काहीतरी?”

“ताई, उलगडतच नाही.”

उजेडात बघतो म्हणून मला बाहेर जिन्यात नेऊन तो जान्हवीला म्हणाला, “घट्ट बंद केलं म्हणून गेलं हो. ही फिल्म आतून आंबते, तिची वाफ बाहेर जावी लागते. झाकण सैल असतं तर आज चित्र दिसलं असतं.”

“हळू बोला ना, आत ऐकू जाईल.”

आत येऊन ती म्हणाली, “आत्या, कंपनीनं फिल्मच हलकी वापरली होती गं.”

“वाटलंच मला! मेल्यांनी माझ्या वाट्याला सगळं हलकंच दिलं.”

सत्कारात शेवटी आमच्या चित्रपटातलं नायिकेचं गाणं दाखवलं, तेवढंच कुणीतरी जपलं होतं. मागे तुळशीपाशी कुणाचा तरी खांदा दिसतो. “ती मी,” असं बाईंनी सांगितलं म्हणे. “हो हो, आजी,” म्हणत सूत्रसंचालकानं शाल पुढे केली.

आता मी गॅलरीत असतो, वास जात नाही म्हणून. बाई रोज येऊन माझ्यावरची धूळ पुसतात आणि कंपनीला शिव्या घालतात.

कधी त्यांच्याकडे गेलात तर एवढं करा. खरं काय झालं ते सांगू नका. कंपनी कधीच बुडाली, तिला शिव्या लागत नाहीत. बाईंना मात्र स्वतःच्या हातांकडे बघावं लागेल.