अंगठा न उमटणारी बाई

अकरावीला जयसिंग सरांनी सायन्स फिक्शन शिकवायला घेतलं आन् माझं उठणं-बसणं हराम झालं. शिरूरच्या आमच्या कॉलेजात सरांनी टीव्हीवर सीडी लावून एक पिक्चर दाखवला. काळंकुट्ट शहर, सदा पाऊस, माणसं कमी आन् मशीनंच जास्त. मग फळ्यावर लक्षणं लिहून दिली. सरकारपेक्षा कंपनी मोठी. माणसाच्या अंगात यंत्र. माणूस कोण, हे यंत्र ठरवणार. आन् एक एकटा बंडखोर.

"ही लक्षणं घेऊन गोष्ट लिहा," सर म्हणाले. "सगळ्यात चांगली गोष्ट गॅदरिंगला वाचायची."

ती माझीच असायला पाहिजे होती. निमोण्याहून एसटीला लोंबकळत येणारी पोरगी काय लिहिणार, असं वर्गात सगळ्यांना वाटायचं. मला त्यांची जिरवायची होती.

बाकीच्यांनी रोबो लिहिले, मंगळ लिहिला. मला कशाला लांब जायला पाहिजे? माझी आई, ताईबाई, एमआयडीसीतल्या एका कंपनीत झाडलोटीला हाय. त्या वर्षी, दोन हजार सातला, गेटवर हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसलं. खुरपून आन् भांडी घासून आईच्या बोटांच्या रेघाच गेलेल्या. तिनं अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा. म्हंजी ही बाई न्हाईच. चार खाडे पडल्यावर मुकादमानं गुपचूप आमच्या शेजारच्या, आईसंगंच कामाला असलेल्या सुषमाकाकूची करंगळी मशीनमधी आईच्या नावावर चढवली. तवापासून काकू रोज अंगठा स्वतःचा लावायची आन् करंगळी आईच्या नावची. मी हे जसंच्या तसं लिहिलं. नावं बदलली आन् साल टाकलं दोन हजार नव्वद.

सरांनी वही डोक्यावर घेतली. "राजश्री, याला म्हणतात कल्पना."

कल्पना कसली डोंबलाची. पण मी गप्प बसले, कारण नंबर माझा लागला होता.

गॅदरिंग रविवारी होतं. आई ठेवणीतलं पातळ नेसून आली आन् बायकांत बसली. गोष्टीत काय हाय, ते मी तिला सांगितलं न्हवतं. माझ्या आधी सरांनी माईकवर पाव्हण्यांची ओळख करून दिली. पाव्हणे आईच्याच कंपनीचे मॅनेजर होते.

वाचलं तर साहेब दोन मिनिटांत ताडणार. उद्या आई आन् काकू, दोघी घरी. एका जागी बसवेना. उठावं, पळून जावं, ताप आला म्हणून सांगावं. आन् खरं सांगू का, तवाबी मला वाचायचंच होतं. माझी मलाच लाज वाटली.

नाव पुकारलं. मी वाचत गेले आन् करंगळीपाशी आल्यावर कागद खाली घेतला. पुढं तोंडाला येईल ते ठोकून दिलं. बाई लोखंडी अंगठा बसवून घेती, मशीन फोडती, कंपनी पेटवून देती. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जयसिंग सर कपाळाला हात लावून बसले. माझ्या चांगल्या गोष्टीची मीच माती केली होती.

साहेब मात्र खूश. बक्षीस द्यायला उठले आन् म्हणाले, "हिच्या आईला बोलवा वर."

मला वाटलं, झालं, संपलं सगळं. आईला बघून साहेबांना सगळी टोटल लागणार. त्यांची केबिन रोज तीच पुसती, त्यांचा डबा तीच घासती. आई पदर सावरत वर आली. साहेबांनी हात जोडले.

"नमस्कार. मुलगी हुशार आहे तुमची. आपण काय करता?"

आईनं माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं. "शेतात जाते, सायेब."

"अरे वा, छान."

जिवाचा घोर गेला आन् त्या जागी असा राग आला, की बक्षीस तिथंच फेकावं वाटलं. ह्या माणसाला भिऊन मी गोष्ट मोडली होती. त्या गोष्टीतली बाई तर त्याला कवा दिसलीच न्हवती.

साहेब फोटोसाठी आमच्या दोघींच्या मधी येऊन उभे राहिले. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं. आई हसली. मला न्हाई जमलं.