फौजदार आणि जंतूंचा साबण

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर साबण विकला आणि मी जंतूंकडून साबण करून घेते, तेव्हा आमच्या घरात शांतता नांदेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. बाबा विकायचे तो ड्रममधला साबण. गाड्या, लाद्या, कारखान्यांच्या जमिनी धुणारा. माझा येतो प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूतून. तेलकट चिखलात राहणाऱ्या काही जिवाणूंना तेल खायचं असतं, पण तेल काही पाण्यात मिसळत नाही. म्हणून ते स्वतःच साबणासारखा एक पदार्थ सोडतात, तेलाचे बारीक थेंब करून घेतात आणि मग जेवायला बसतात. मी त्यांना कॅन्टीनमधलं तळून उरलेलं तेल वाढते, चंबू हलत्या यंत्रावर ठेवते, फेस उतू जायला लागला की खूश होते आणि शेवटी जंतू वेगळे करून साबण तेवढा काढून घेते.

"लोक साबणाने जंतू मारतात, आमच्या सूनबाई जंतूंना साबण करायला बसवतात," हा बाबांचा लाडका विनोद. शेजारी, दंतवैद्य, गॅसची टाकी आणणारा, कुणीही त्यातून सुटला नव्हता.

मीही मूग गिळून बसणाऱ्यातली नाही. "बाबा, तुमच्या साबणाला लिंबाचा वास येतो, पण त्याने लिंबू कधी पाहिलंय का?" असं विचारलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. सासूबाई आमच्या मधोमध भाजी निवडत बसायच्या आणि ज्याचा आवाज चढेल त्याच्यापुढे लसूण सोलायला सरकवायच्या.

खरी जुंपली ती बस डेपोवरून. डेपोत बसगाड्या धुतात तिथली माती तेलाने काळी झाली आहे आणि तिथला नाला सरळ खालच्या तळ्यात उतरतो. माझे जंतू मी त्याच नाल्यातून आणलेले. त्यांचा साबण मातीत मुरवला की चिकटलेलं तेल सुटं होतं आणि मग तिथलेच जिवाणू ते फस्त करतात. चंबूत हे कितीदा तरी झालं होतं. आता जमिनीवर करून दाखवायचं होतं. डेपोच्या साहेबांनी जागा दिली नाही, तर माझी इतक्या वर्षांची मेहनत कपाटात जाऊन पडणार होती. आणि हे साहेब म्हणजे नेमके बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा निरोप आला, "साबणवाल्यांना विचारल्याशिवाय मी काही ठरवत नाही. तुमच्या घरीच येतो." परीक्षेला सासरेच परीक्षक! मी कपाळाला हात लावला.

साहेब आले त्या दिवशी बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट चढवला होता. मी जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेतलं, त्यावर काळं तेल पसरलं आणि माझ्या साबणाचा एक थेंब मधोमध सोडला. तेल झटकन कडेला सरकलं आणि मध्ये स्वच्छ पाण्याचं वर्तुळ तयार झालं. साहेब वाकून बघू लागले. तेवढ्यात बाबांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. दुसऱ्या ट्रेमध्ये त्यांचा थेंब पडला आणि तेल माझ्या थेंबापेक्षा जोरात पळालं.

"वरून वासही चांगला," बाबा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मग जंतू कशाला हवेत?"

"तळ्यासाठी. माझा साबण तळ्यात गेला तरी थोड्या दिवसांत जिवाणूच तो खाऊन संपवतात. पाण्यात इतका पातळ झाला की माशांना त्याने काही होत नाही. बाबांच्या साबणाने मात्र मासे मरतात."

"माझ्या? अहो, तान्ह्या बाळाच्या अंगाला लावावा इतका सौम्य आहे तो." हे वाक्य बाबांनी आजवर इतक्या दुकानांत म्हटलं होतं की त्यांना स्वतःलाच ते पटलं असावं.

साहेबांची नजर खोलीभर फिरून कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीवर थांबली. टाकीत बाबांचे दोन मासे होते, पोटाचा घेर बघून नाव ठेवलेला फौजदार आणि त्याच्या मागे मागे फिरणारा हवालदार. पोटच्या मुलाचा वाढदिवस बाबा विसरतील, या दोघांच्या जेवणाची वेळ चुकायची नाही.

"दोन बरण्या आणा," साहेब म्हणाले.

सासूबाईंनी नाक मुरडत बरण्या दिल्या. टाकीतलं पाणी भरून एकीत फौजदार आणि दुसरीत हवालदार सोडला. नाल्यातून तळ्यात पोचेल तेवढंच पातळ करून मी दोन्ही साबण दोन वाट्यांत घेतले.

"आधी तुम्ही, बाबा. मान मोठ्यांचा," मी अगदी गोड आवाजात म्हणाले.

बाबांनी वाटी बरणीवर धरली. फौजदार लगेच वर आला आणि तोंड उघडझाप करू लागला. त्या हातातून फक्त खाणं येतं, एवढंच त्याला माहीत होतं. वाटी तिथेच थांबली.

"घाला की," साहेब म्हणाले.

"माझा मासा आहे तो."

"आणि तळ्यातले?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही?"

खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटली. प्रयोगशाळेत माझ्या साबणात मासे मजेत राहिले होते, पण ते हवालदार नव्हते. याला काही झालं असतं तर मला उरलेलं आयुष्य कॅन्टीनमध्ये जेवावं लागलं असतं. मी डोळे मिटून वाटी ओतली. हवालदाराने बरणीला एक चक्कर मारली, मग दुसरी, आणि रुसल्यासारखा पाठ फिरवून उभा राहिला.

"तो कसा आहे ते मी संध्याकाळी फोन करून विचारीन," साहेब उठत म्हणाले. "पण माझं ठरलं. सोमवारपासून नाल्याकाठची जागा तुमची."

संध्याकाळी हवालदार टाकीत परतला आणि त्याने फौजदाराच्या वाटणीचंही खाल्लं. बाबा मात्र टाकीसमोरून हलले नव्हते.

"माझ्या हातून त्या तळ्यात किती गेलं असेल गं?" त्यांनी विचारलं.

या दिवसासाठी मी टोमण्यांचा चांगला साठा करून ठेवला होता. तो तसाच राहू दिला. मला जिंकायचं होतं, पण असं नाही; मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसले.

"सोमवारी माझ्याबरोबर चला ना," मी म्हणाले. "तिथे कुठे किती साबण ओतला जायचा, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"येईन." ते टाकीकडून माझ्याकडे वळले. "पण आधी मला ते तळं दाखव. इतकी वर्षं डेपोत माल टाकला, खाली उतरून कधी बघितलंच नाही."