भुतं दाखवणारी गाडी

घाबरू नका, मी भूत नाही. मी गाडी आहे. घोडा जुंपायची, चार चाकांची, सहा माणसं ऐसपैस आणि आठ दाटीवाटीनं बसतील अशी लाकडी गाडी. नऊ वर्षं मी लोकांच्या अंगावर काटा आणायचं काम केलं. तुमच्यापैकी कुणी तेव्हा माझ्यात बसलं असेल, तर एवढंच सांगते, की तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींतल्या निम्म्या खोट्या होत्या. उरलेल्या निम्म्या मी स्वतः पाहिलेल्या नाहीत.

मला ज्या सुतारानं बनवलं तो बोलायचा कमी आणि ठोकायचा जास्त. त्यानं मला भुतांसाठी बनवलं नव्हतं. माझा पहिला मालक कापडाच्या गिरणीतून तागे आणून गावभर पोचवायचा. त्या दिवसांत माझा तोरा काही विचारू नका. गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचं कापड आधी माझ्या अंगावर येऊन गेलेलं असे.

घड्याळाच्या मनोऱ्यामागे एक लांबलचक, अरुंद गल्ली आहे. तिथल्या दुमजली घराच्या वरच्या खोलीत एक बाई शिवणकाम करायच्या. लग्न केलं नव्हतं, मागेपुढे कुणी नव्हतं. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. तागा आला की त्या स्वतः खाली यायच्या, कापडाचा कोपरा मुठीत चुरगाळून बघायच्या, मग घोडीच्या मानेवर एक थाप आणि माझ्या फळीवर एक. सामानाच्या गाडीला कोण हात लावतं हो? मावशी लावायच्या. माझ्या मालकाच्या मुलाचे शाळेचे सदरेही त्यांनीच शिवले होते, वाढत्या अंगाचा म्हणून दुमडीत चार बोटं कापड जास्त ठेवून.

पुढे गिरणी बंद पडली. टेम्पो आले. मालक गेला आणि मी पागेच्या कोपऱ्यात पडून राहिले. कोंबड्या माझ्यावर मुक्कामाला असत. त्यांनी माझे काय हाल केले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मग गाव जुनं आहे, एवढ्याच कारणासाठी बाहेरची माणसं ते बघायला येऊ लागली. मालकाच्या मुलाच्या डोक्यात तेव्हा एक कल्पना आली. सदऱ्यांतला तो मुलगा आता चाळिशीला टेकला होता आणि त्याच्या हाताला काम नव्हतं. त्यानं मला कोंबड्यांच्या तावडीतून सोडवलं, काळा रंग दिला, बाक बसवले, पुढे कंदील टांगला. तीन चाकांना वंगण घातलं आणि चौथं मुद्दाम कोरडं ठेवलं. करकर झाली की लोक जास्त घाबरतात, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. असो.

रात्री जेवणं उरकली की आमची फेरी निघे. मालकाचा मुलगाच आता माझा गाडीवान, पुढे बसून मान मागे वळवून बोले. फाशी गेलेला शिपाई, बुजवलेली विहीर, रात्री पेशंट तपासणारा डॉक्टर आणि पुलावरची पावलं. एवढीच काय ती आमची शिदोरी. माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. भ्यायला आलेली माणसं भीती वाटली नाही तर रागावतात. मनोऱ्यापासून पुलापर्यंतच्या त्या लांब गल्लीत सांगायला काहीच नव्हतं, आणि तिथे जांभया सुरू व्हायच्या. मोबाइल निघायचे.

एका रात्री एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "काका, झालं का तुमचं? एवढ्यासाठी आम्हाला जागं ठेवलंत?"

सगळे हसले. गाडीवानाचे कान लाल झालेले मी कंदिलाच्या उजेडात पाहिले. त्याच वेळी वरच्या खिडकीत दिवा होता. मावशी दिवसा मापं घ्यायच्या, कापड बेतायच्या, आणि शिवायला रात्री बसायच्या. गाडीवानानं लगाम ओढला. आवाज खाली आणून म्हणाला, "ती बाई दिसतेय ना तुम्हाला? दिसतेय? कारण आम्हा गावकऱ्यांना ती दिसत नाही. स्वतःचा लग्नाचा पोशाख शिवता शिवता मेली, त्याला साठ वर्षं झाली."

माझं चाक करकरलं. मावशींनी आवाज ऐकून मान वर केली, ओळखीची गाडी बघून हसल्या आणि हात हलवला.

काय किंकाळ्या उठल्या म्हणून सांगू! ते जाडजूड गृहस्थ शेजारणीच्या मांडीवर जायचे बाकी राहिले. त्या रात्री गाडीवान शीळ घालत घरी आला. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटली.

दुसऱ्या रात्री तीच गोष्ट, तिसऱ्या रात्री तीच. मावशी रोज हात हलवायच्या. म्हातारपणी एवढी माणसं आपल्याकडे बघून हात करतात, याचं त्यांना बरं वाटत असावं. पण गोष्ट सांगणाऱ्याला जागच्या जागी थांबता येत नाही. आठवड्याभरात नवरा मुलगा नदीत बुडाला. महिन्याभरात पोशाखावर रक्ताचे डाग आले. आणि एके रात्री जास्तच टाळ्या मिळाल्या तेव्हा गाडीवान बोलून गेला, "ती ज्या बाईचं माप घेते, ती बाई वर्ष काढत नाही."

हे वाक्य लोकांना फार आवडलं. बाहेरच्यांनी ते बाहेर नेलं आणि गावातल्यांनी घरात. गावातल्या लोकांना ठाऊक होतं हो, मावशी जिवंत आहेत! सकाळी दूध घेताना दिसायच्या त्यांना. तरी लग्नाचे पोशाख आधी थांबले. मग पोरीबाळींचे झगे. मग शाळेचे गणवेशसुद्धा दुसरीकडे जाऊ लागले.

पागेत एकदा गाडीवान बायकोला म्हणाला, "तुझा तो निळा झगा मावशींकडे टाक की शिवायला."

"त्याचं कापड तसं पुरेसं नाही," ती म्हणाली.

"अगं, घाबरतेस की काय? मीच रचलेली गोष्ट आहे ती."

"ते माहीत आहे मला. माझा नाहीच विश्वास." ती घोडीपुढे गवत टाकत राहिली. "पण कशाला उगीच?"

तेव्हाच मला कळलं, की आपण काय करून बसलो आहोत. चाळीसपन्नास वर्षं मावशींच्या घरात रोज कुणी ना कुणी यायचं, हात पसरून उभं राहायचं आणि मावशी त्यांच्या खांद्यांवरून, कमरेवरून टेप फिरवत दोन गोष्टी बोलायच्या. माणसांशी त्यांचा तेवढाच संबंध होता. तो आम्ही तोडला.

एका थंडीच्या रात्री फेरी भरली. शेवटच्या बाकावर एक बाई शाल डोक्यावरून घेऊन बसल्या. बसताना त्यांनी माझ्या फळीवर थाप मारली. मी लगेच ओळखलं. गाडीवानानं मात्र ओळखलं नाही, तो घोडीच्या पट्ट्यात गुंतला होता.

शिपाई झाला, विहीर झाली. गल्लीत आलो. गाडीवानानं मावशींची गोष्ट नेहमीच्या आवाजात सुरू केली, नवरा मुलगा बुडवला, रक्त सांडलं, माप घेतलं, आणि चाबूक खिडकीकडे रोखला. खिडकीत अंधार होता.

"आज रुसल्या वाटतं बाईसाहेब," तो म्हणाला. लोक हिरमुसले.

मावशींच्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. ती कुजबुजली, "बरं झालं नाही दिसली. मला भीतीच वाटत होती."

"कशाची गं?"

"माप घेते म्हणे ना ती."

"माप न घेता कपडा बेतला तर काखेत काचतो, बाळा," मावशी म्हणाल्या. मुलगी खुदकन हसली. मावशींनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. "ही बाही कुणी लावली? उसवलीय बघ. थांब." त्यांच्या कॉलरला सुईदोरा टोचलेला असायचाच. हलत्या गाडीत, कंदिलाच्या अर्ध्या उजेडात त्या टाके घालू लागल्या. मुलगी हात पुढे करून गुमान बसली. कितीतरी दिवसांनी मावशींच्या हाताखाली कुणाचा तरी खांदा आला होता. मला वाटलं, हा पूल कधी येऊच नये.

"किती छान टाके घालता तुम्ही! राहता कुठे?" मुलीनं विचारलं.

"आत्ता बघितलीस ना, त्याच खिडकीत."

मुलीनं हात असा ओढून घेतला की दोरा तुटला. सुई तिच्या बाहीला तशीच लटकत राहिली. गाडीवानानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

पुलाजवळ सगळे भराभर उतरले. मावशी बसून राहिल्या. "तुझ्या बापाला एवढं बोलता येत नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "गोष्ट चांगली सांगतोस."

"मावशी, चुकलं माझं. उद्यापासून नाही सांगणार."

"सांग की. पोट आहे तुझं त्यावर." त्यांनी शाल सावरली. "फक्त शेवटी एवढं सांगत जा, की बाई जिवंत आहे. आणि तिला काम हवंय. हात रिकामे राहिले की रात्र सरत नाही रे."

गाडीवानानं त्यांना माझ्यातूनच घरी सोडलं.

त्यानं शब्द पाळला, हे मी देवाशपथ सांगते. दुसऱ्या रात्री खिडकीखाली मला उभी करून तो साध्या आवाजात म्हणाला, "मंडळी, ही गोष्ट मी रचलेली आहे. या मावशी जिवंत आहेत. शिवणकाम करतात. हात फार सुबक आहे, कुणाला काही शिवायचं असेल तर सकाळी या."

मग गाडीत असा काही हशा आणि किंकाळ्या उठल्या की घोडी बुजली. "जिवंत म्हणे!" "सकाळी या म्हणतोय!" "बाप रे, काका, हे सगळ्यात भारी होतं!" वर मावशी आशेनं खिडकीशी आल्या होत्या, दोन्ही हात हलवत होत्या. त्यांनी जितके हात हलवले, तितके लोक ओरडले. गाडीवान घसा ताणून सांगत राहिला, "अहो, खरंच जिवंत आहेत!" आणि लोक पोट धरून हसत राहिले.

आठ दिवस त्यानं खटपट केली. मग त्या गल्लीतून फेरी नेणंच सोडलं. पण तोवर गावात आणखी तीन गाड्या झाल्या होत्या, आणि त्यांना ती खिडकी सोन्यासारखी होती. त्याची वाक्यंही त्यांनी जशीच्या तशी उचलली. "जिवंत आहे, सकाळी या," हे आता त्यांच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य झालं होतं. गाडीवान कधी सकाळी मावशींकडे स्वतःचा जुना कोट घेऊन जाई, कधी घोडीची झूल. एका माणसाला असे किती कपडे लागणार?

दोन हिवाळे गेले. एका रात्री अड्ड्यावर फेरी भरून आम्ही निघायच्या बेतात होतो. शेजारच्या गाडीचा गाडीवान विडी ओढत कुणाला तरी सांगत होता, "दोन रात्री झाल्या, आपली म्हातारी मान वरच करत नाही. मशीनवर डोकं टेकून नुसती बसलेली असते. दिवसाही दिवा चालूच. लोक काय घाबरतायत, विचारू नकोस!"

माझ्या गाडीवानाच्या हातातला चाबूक खाली पडला. तो तसाच माझ्यावर चढला आणि आठ माणसांसकट त्यानं मला त्या गल्लीत पळवलं. आयुष्यात मी कधी तशी धावले नव्हते. माणसांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे. त्यांनी मोबाइल काढले. गाडीवान जिना चढून गेला, दाराला धक्के मारल्याचा आवाज आला, मग तो वरच्या खिडकीत दिसला. त्यानं मावशींच्या खांद्याला हात लावला. तो तिथेच गुडघ्यांवर बसला.

खाली टाळ्या पडल्या.

त्यानं वर दिवा मालवला, खाली आला आणि म्हणाला, "उतरा." एवढंच.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मावशींना मीच नेलं. बाक काढून टाकले होते. सोबत गाडीवान, त्याची बायको आणि दूधवाला, तिघंच. गल्लीतली माणसं दारात उभी होती. त्यांच्यातल्या कितीकांचे लहानपणचे कपडे मावशींनी शिवलेले होते. कुणी पायरी उतरून आलं नाही. गाडीवानाची बायको वाटभर माझी दांडी धरून चालली आणि रडत राहिली.

त्यानंतर गाडीवानानं फेऱ्या बंद केल्या. आता तो विटा वाहतो, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. मी पागेबाहेर उघड्यावर उभी असते. पावसानं फळ्या फुगल्या आहेत, रंगाचे पापुद्रे सुटतायत. माझं जे व्हायचं ते होईल, त्याची मला फिकीर नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. इतर गाड्या अजून रोज रात्री पागेवरून जातात. त्यांनी मावशींची गोष्ट वगळून टाकली आहे. खिडकीत आता अंधार असतो, आणि अंधार बघायला कुणी येत नाही. जिवंत होत्या तोवर गावानं त्यांना भूत म्हणून पाहिलं, आणि खरोखर गेल्यावर त्यांचं साधं नावही काढत नाही.

तुम्ही कधी अशा गाडीत बसलात, आणि कुणी चाबकानं एखादी उजेडातली खिडकी दाखवली, तर हात जोडून सांगते, ओरडू नका. खाली उतरा आणि आधी त्या घराचं दार वाजवून बघा. आतून "कोण आहे?" असं कुणी विचारलं, तर म्हणा, कपडे शिवायला आलोय, माप घ्या.