मार्तंडबाबांच्या फोनला चाळीस मिनिटं उशीर

पिंपळगाव राजाच्या अलीकडे, समाधीच्या मंडपात दोनशे माणसं कपाळाला मोबाइल लावून बसली होती. मार्तंडबाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी ज्याला त्याला नावानिशी फोन करतात. आवाज हुबेहूब त्यांचाच. "मनकर्णा, आज तुझा बाविसावा दिवस. सुईला शिवू नकोस. दिवा लावला असेल तर एक दाब." एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लोक रडायचे.

मनकर्णाबाईंनी बावीस दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. आणखी आठवडा गेला तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांची सून सुचिता बुलढाण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, पण घरात तिचं कोण ऐकतो! सासू म्हणायची, "डॉक्टरले माहं नाव तरी ध्यानात राह्यते का? बाबाले दिवसबी ध्यानात हाय."

सुचितानं सासूच्या मोबाइलमधल्या वेळा पाहिल्या. पहिला फोन बरोबर सातला, मग रोज थोडा उशिरा, बाविसावा आठ वाजून तीन मिनिटांनी. पट्टशिष्य राजकुमार सांगायचा, बाबा चंद्राच्या गतीनं येतात. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, हे त्या दोनशे जणांत एकालाही आठवलं नाही. सुचिताला वेगळंच दिसलं. आजचा फोन तीन मिनिटं चालला, की उद्याचा तीन मिनिटं उशिरा.

तिनं सासूशी पैज मारली. एक दिवस दिवा लावायचा नाही, आणि फोन आला की तो चालूच ठेवून चाळीस मिनिटांनी एक दाबायचा. बाबांनी लबाडी ओळखली तर सुचिताही दिवे लावणार, नाही ओळखली आणि पुढचा फोन तेवढाच उशिरा आला तर सासू सुई घेणार.

"घे परीक्षा," सासू म्हणाली. "बाबा काय भेते का तुले?"

दिवा न लावल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडपात सगळ्यांसमोर सुचितानं राजकुमारला वेळ विचारली. तो म्हणाला, सव्वाआठच्या आत. सव्वाआठ होऊन गेले. मग म्हणे, ताईंच्या शंकेनं बाबा रुसले.

"रुसले नाहीत. आठ शेचाळीसला येतील."

आठ शेचाळीसला फोन वाजला. "मनकर्णा, आज तुझा चोविसावा दिवस. कालचा दिवा मी डोळ्यांनी पाहिला."

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "काल दिवा लावलाच नोता म्या."

सुचितानं मग सरळ सांगितलं. कुठल्या तरी कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर हे काम लावून ठेवलंय. फोन संपला की ते नोंद करतं: मनकर्णा, इतके दिवस झाले, चोवीस तासांनी उठव. मग झोपतं. वेळ झाली की उठतं, नोंद वाचतं, जुन्या प्रवचनांवरून बनवलेल्या आवाजात बोलतं आणि पुन्हा झोपतं. चोवीस तास मोजतं ते फोन संपल्यापासून. त्याला डोळे नाहीत. तुम्ही एक दाबता, ते लिहून ठेवतं.

राजकुमार गुरकावला, "श्रद्धेत कॉम्प्युटर आणू नका, ताई."

"आणला तुम्ही. मी फक्त ओळखला."

मनकर्णाबाईंनी मोबाइल सुनेच्या हातात दिला. "चाल, दवाखान्यात ने मले."

अंगठा गेला. पाय वाचला.

राजकुमारचा मंडप अजून उभा आहे, म्हणून हे लिहितोय. मेलेल्याचा आवाज काढणारं यंत्र आज कोणीही भाड्यानं घेऊ शकतो. तुमचं नाव घेतलं, दिवस मोजले, म्हणून कोणी देव होत नाही. पुढच्या वेळी हात जोडण्याआधी विचारा, हे चालतं कसं? आणि औषध सोडायला सांगणारा जिवंत असो की मेलेला, त्याचा फोन ठेवून द्या.