स्थानिक धूर

"युरोपच्या हवेला सीमा नसतात." दाराशेजारच्या पितळी पाटीवर कोरलेलं हे वाक्य ओटाकर व्रझाल अंगठ्याच्या नखानं खरवडून मोकळं करत होता. हिवाळ्यात रोज सकाळी पाटीवर बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि मग 'हवेला' आणि 'नसतात' एवढेच शब्द वाचता यायचे.

पाटी एका पांढऱ्या केबिनला लावलेली होती. केबिन टेकडीच्या माथ्यावर होती, कारण आसपास काही म्हणजे काही नव्हतं. जिथे हवा खराब करायला कुणी नाही तिथेच ती मोजायची. म्हणजे जी घाण सापडेल ती दुरून आलेली, असा त्यामागचा विचार. छपरावरच्या नळीतून यंत्र दिवसरात्र हवा ओढायचं आणि पडद्यावर आकडा दाखवायचं. अशा केबिनी पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत सगळ्या आडरानांत आहेत, आणि प्रत्येकीला एक ओटाकर आहे.

ते थोर वाक्य उद्घाटनाच्या दिवशी प्रागहून आलेल्या संचालकांनी उच्चारलं होतं. उच्चारून झाल्यावर त्यांनी उदाहरणादाखल छातीभर श्वास घेतला, आणि मग समारंभ संपेपर्यंत ते खोकत राहिले. खाली सूचिपर्णी झाडांआड वोइतेश्का मावशींचं घर होतं आणि मावशींनी चुलीत आलुबुखाराच्या ओल्या फांद्या घातल्या होत्या. जागा पसंत करणारी समिती उन्हाळ्यात येऊन गेली होती. ही चूल घर तापवायची, तेव्हा उन्हाळ्यात तिला धूर नसतो.

तेव्हापासून असं ठरलं की हवेला सीमा नाही, पण मावशींच्या धुराला आहे. आकडा उगाच चढला की ओटाकरनं फोनवर 'स्थानिक धूर' म्हणायचं आणि प्रागनं ती सकाळ खोडून टाकायची. या आठवड्यात त्यानं ते रोज म्हटलं होतं.

आत शिरून त्यानं हातमोजे काढले, पडद्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. पडद्यावर टिचकी मारली. आकडा हलला, तो वरच गेला.

फोन वाजला. प्रागहून इंजिनिअर हलुझोव्हाबाई बोलत होत्या.

"अहो व्रझाल, तुमच्या मावशी जाळतात तरी काय? गाडीचे टायर?"

"कोळसा, इंजिनिअरबाई. कधी एखादं जुनं पायताण."

"पायताणानं एवढा आकडा यायला पलटण अनवाणी करावी लागेल. मी रोज तुमच्या शब्दावर खोडतेय. पण आजचा आकडा बघितलात? एका बाईला एवढा धूर करताच येणार नाही." त्या थांबल्या. "घर तर पेटलं नाही ना?"

ओटाकरनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुकं होतं, पिवळट, मळक्या लोकरीसारखं. थंड हवा खोऱ्यात बसून होती आणि वर उबदार हवेचं झाकण घट्ट बसलं होतं. सोमवारपासून पानही हललं नव्हतं. झाडं दिसत नव्हती, मग झाडांआडचं घर कुठून दिसणार! वास मात्र येत होता, कोळशाचा, घशात टोचणारा. तो वास रोजच होता. वास आहे म्हणजे मावशी आहेत, असं त्यानं इतकी वर्षं धरलेलं होतं.

"बघून येतो," तो म्हणाला.

उतारावर तो आधी चालत होता, मग घसरत, मग पळत. पळताना तोंडातून आत जाणारी हवा जिभेवर लागत होती, पितळी चमचा चाटावा तशी. आगीचा उजेड कुठेच नव्हता. 'मावशीऽ' अशी त्यानं हाक मारली. हाक धुक्यात शिरली आणि तिथेच राहिली.

कुंपणाशी येईपर्यंत घर दिसलं नाही. दिसलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. छप्पर होतं, भिंती होत्या, धुराडं होतं. ओटाकरचा जीव भांड्यात पडला. त्यानं मफलरनं कपाळ पुसलं. आणि मग त्याला धुराड्यावरचा कावळा दिसला.

कावळा धुराड्याच्या अगदी काठावर बसला होता. पिसं फुलवून, निवांत, मुक्कामाला आल्यासारखा.

पेटत्या चुलीच्या धुराड्यावर कावळा बसत नाही.

ओटाकर फाटकाशी उभा राहिला. अंगणातल्या बर्फावर ताजी पावलं नव्हती. लाकडांच्या ढिगापर्यंत नाही, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंतही नाही. मावशी ऐंशीच्या पुढच्या, त्यात छाती नाजूक, आणि पाणी गोठून बादल्या फुटाव्यात अशी थंडी. त्यानं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: वर आकडा आणि खाली थंड धुराडं. त्यातली कुठली जास्त वाईट हे त्याला ठरवता येईना. मावशींनी चूल पेटवली नसेल, तर त्याच्या नाकातोंडात हे जे काही जात होतं ते कुणाचं होतं?

त्यानं मफलर नाकावर ओढला. नळीतून हवा ओढणारं यंत्र त्याला एकदम आठवलं. ते यंत्र होतं, त्याला छाती नव्हती, म्हणून बरं.

दार ठोठावलं. आतून काही नाही. पुन्हा ठोठावलं. किल्ली दुधाच्या जुन्या कॅनखाली असायची. कॅन जमिनीला चिकटून बसला होता. लाथ घालून तो उखडताना ओटाकरच्या तोंडून एक शिवी गेली आणि लगेच देवाचं नावही गेलं.

स्वयंपाकघरात त्याला स्वतःचा श्वास दिसला. बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ होता. चुलीपुढच्या खुर्चीत पिसांची दुलई होती, दुलईवर दिवंगत काकांचा मेंढीचा कोट, कोटावर दोन टोप्या, आणि टोप्यांखाली वोइतेश्का मावशींचा चेहरा. डोळे मिटलेले. ओठ निळसर.

तो खाली वाकला. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. गालाला बोट लावायचं धाडस होईना.

दुलईतून मांजर ओरडलं.

"दार लाव," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "थंडी आत येते."

ओटाकरनं दार लावलं. लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"मावशी, चूल का नाही पेटवली? कोळसा संपला?"

"तळघर भरलंय."

"मग?"

मावशींनी एक डोळा उघडला. "तूच सांगून गेलास ना?"

"मी? कधी?"

"रविवारी. माझे खसखशीचे पाव खाताना. तोंड भरलेलं असताना बोललास, तरी मला समजलं हो."

रविवारची गोष्ट ओटाकरला आठवली. सोमवारपासून सगळ्या केबिनी एकदम मोजणी करणार होत्या, युरोपभर, एकाच वेळी. पाव खाता खाता तो म्हणाला होता, "या आठवड्यात जपा, मावशी. तुमच्या चुलीमुळे तिकडे पोर्तुगालात कुणी खोकला, तर नाव आपल्याच गावाचं जाईल." असं म्हणून तो स्वतःच हसला होता. मावशी हसल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षं अशा अधिकाऱ्यांच्या राज्यात काढली होती जे विनोद करत नसत, आणि जे शेजारी विनोद करत ते पुढे दिसत नसत. शिवाय ओटाकरच्या जाकिटावर सरकारी बिल्ला होता.

"सोमवारपासून?" त्यानं विचारलं.

"मोजणी सोमवारपासून, तर चूलही सोमवारपासून बंद. पहिल्या रात्री जरा जड गेलं. मग मांजर आत घेतलं." मावशी खोकल्या. खोकला लांबला, खोल गेला, मग सावकाश वर आला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी टोपीच्या कानानं पुसलं आणि ओटाकरकडे पाहिलं. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं पाहतात तसं. "मग? आली का हवा स्वच्छ?"

ओटाकरनं खिडकीकडे पाहिलं. काचेबाहेर ते पिवळं काहीतरी टेकून उभं होतं.

त्यानं फोन काढला.

"इंजिनिअरबाई, व्रझाल बोलतोय. घर ठीक आहे."

"चला, सुटलो. म्हणजे नेहमीचंच. स्थानिक—"

"चूल बंद आहे."

"आता बंद केली?"

"सोमवारपासून."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पण तुम्ही रोज सांगितलंत…"

"हो. मी सांगितलं."

"आणि मी रोज खोडलं." हलुझोव्हाबाईंचा आवाज आता लहान झाला होता. "व्रझाल, त्या खोऱ्यात सात गावं आहेत. शाळा चालू आहेत. आम्ही कुणाला काही कळवलंच नाही. हे आलं कुठून?"

"इथून नाही, एवढं नक्की."

"पोलिश केबिनला विचारते. स्लोव्हाकांना विचारते. तेही आपल्या कुठल्या म्हातारीच्या नावावर खोडत बसले नसले म्हणजे मिळवली." त्यांनी फोन ठेवला. ठेवताना त्या खोकल्या, असं ओटाकरला वाटलं. प्राग तिथून शंभर किलोमीटरवर होतं.

तो फोन हातात धरून उभा राहिला. खिडकीच्या चौकटीला कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. त्यातली एक सैल झाली होती. त्यानं ती अंगठ्यानं आत दाबली. दाबताना चिंधी बाहेरच्या बाजूनं काळी झालेली दिसली.

"म्हणजे घाण माझी नव्हती?" मावशींनी विचारलं.

"नव्हती, मावशी."

"मग कुणाची?"

ओटाकरनं हातानं खिडकीबाहेर एक मोठं वर्तुळ काढलं. त्यात सगळंच आलं.

मावशींनी त्या वर्तुळाचा बराच विचार केला. "मग त्यांना सांगितलंस का, चूल विझवा म्हणून?"

"नाही."

"तिकडे तुला कुणी पाव दिले नसतील."

मांजर दुलईतून बाहेर आलं, चुलीवर चढलं, आणि थंड लोखंडाला पाय लागताच उडी मारून परत आत गेलं. मावशींनी त्याला जागा करून दिली. मग टोप्या सारख्या केल्या, पुन्हा एकदा खोकल्या आणि कोटातून एक निळं बोट बाहेर काढून तळघराच्या दाराकडे दाखवलं.

"तुमचं ते युरोपचं झालं असेल, तर बादलीभर कोळसा आण वर," त्या म्हणाल्या. "आणि कोपऱ्यातला ओला घेऊ नकोस. त्याचा फार धूर होतो."