अण्णासाहेबांची तीन झुडपं

सुमेधानं रावेतचं घर घेतलं ते मागच्या एवढ्याशा बागेसाठी. बागेत तीन झुडपं होती आणि प्रत्येकाला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधलेला होता: एक, दोन, तीन. नावं कुठेच नव्हती. आधीचे मालक अण्णासाहेब चाकणच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होते. नंबर घालायची सवय तिथलीच. कुठला नंबर म्हणजे काय, ते त्यांच्या डोक्यात. घर विकलं तेव्हा त्यांना अर्धांगवायू होऊन गेला होता, त्यामुळे व्यवहार सगळा त्यांच्या मुलीनं, निवेदितानं पाहिला.

मार्चमध्ये एक नंबरला बोटाएवढी लांब, हिरवट-पांढरी फळं लागली. तुती असावी म्हणून सुमेधा ती काळी व्हायची वाट बघत राहिली आणि बरीचशी फळं गळून मुंग्यांच्या तोंडी गेली. दोन नंबरला नुसती बारीक पिवळी फुलं. तीन नंबरला काळे, चकचकीत मणी. मोबाइलवरचं ॲप एकाच फांदीला सकाळी एक नाव सांगे, दुपारी दुसरं.

माळी म्हणाला, "ताई, एक नंबरला रोग आहे. फळ पिकतच नाही. काढून टाकू."

त्याला थांबवून सुमेधानं निवेदिताला फोन लावला.

"बाबांना विचारायचंय?" निवेदिता अडखळली. "ते बोलत नाहीत हो. एकच शब्द उरलाय, 'बरोबर'. कशालाही तेच म्हणतात. लोकांनी विचारणंच सोडलंय."

"मी फांद्या घेऊन येते. नुसत्या दाखवते."

हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये अण्णासाहेब खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. सुमेधानं बिल्ल्यांसकट तिन्ही फांद्या त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवल्या.

"एक नंबर. ही तुती आहे का?"

"बरोबर."

"की दुसरंच काही?"

"बरोबर."

निवेदितानं तोंड फिरवलं. सुमेधाही ओशाळली. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "माळी म्हणतो रोग आहे. तोडूनच टाकणार होता."

"बरोबर!" अण्णासाहेब ओरडले. शब्द तोच, पण एवढं ठणकावून 'नाही' सुमेधानं कधी ऐकलं नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी एक पांढरं फळ खुडलं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे बोट केलं.

तिनं भीत भीत चावलं. नुसती साखर.

"म्हणजे हे पिकलेलंच आहे? ही तुती पांढरीच राहते?"

"बरोबर," ते हळूच म्हणाले.

दोन नंबरची फुलं पाहून त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून वाटाण्याएवढं माप दाखवलं. मग आंबट तोंड केलं, मग पेला ओठाला लावल्यासारखा हात.

"फालसा!" निवेदिता एकदम म्हणाली. "सरबत! बाबा, आपण मे महिन्यात करायचो." आणि तिला रडू आलं.

तीन नंबरचा मणी सुमेधानं उचलला तसा त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. पंजा हवेत फडफडवून पाखरू केलं, डावा खांदा उडवला. पाखरानं टाकलेलं बी होतं ते. ओळख त्यांनाही पटली नव्हती. पटेपर्यंत खायचं नाही.

दाराशी निवेदिता म्हणाली, "दोन वर्षांत मी त्यांना जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारलं."

पुढच्या रविवारी ती त्यांना गाडीतून रावेतला घेऊन आली. तुतीचा बहर संपत आला होता, छाटणीची वेळ झाली होती. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून अण्णासाहेब एकेका फांदीवर बोटानं रेघ दाखवायचे आणि सुमेधा तिथं कात्री लावायची. ते इतकं खाली दाखवत की तिचा हात थबके.

"इथून? सगळं जाईल हो."

"बरोबर, बरोबर," ते वैतागून म्हणत.

ऊन वर आल्यावर निवेदितानं त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. अजून मागची बाजू राहिली होती.

"बसा मग," ती म्हणाली, आणि स्वतःही पायरीवर टेकली.