विसाव्या महिन्याची भिशी

लातूर जिल्हा होणार, या बातमीने त्या कोरड्या ऑगस्टात गावाला असं झपाटलं, की माणसं पावसाने मारलेली दडी विसरली. त्यातच सायकलवाल्या बसवंतला गावाबाहेरच्या पडीक रानात चुन्याच्या लांबच लांब रेघा दिसल्या. झालं! नवी कलेक्टर कचेरी तिथंच होणार, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. शेजारच्या प्लॉटांचा इसार द्यायला एकच झुंबड उडाली.

सरकारी दवाखान्यातल्या नर्स पंचफुलाबाईंच्या नवऱ्याला, साहेबरावांना, तर अन्न गोड लागेना.

"आवंदा भिशी उचल अन् इसार टाक," त्यांनी धोशा लावला. "वर्साच्या आत तिप्पट होतंय बघ!"

भिशी वीस जणांची, महिन्याला शंभर रुपये. दोन हजार जमले की बोली लागायची. सगळ्यांत कमी रकमेवर जो राजी होईल त्याने भिशी उचलायची, उरलेले पैसे विसांत वाटायचे. उचलणाऱ्याने हप्ते मात्र शेवटपर्यंत भरायचे. पंचफुलाबाईंची भिशी अजून शिल्लक होती आणि त्या दोन हजारांवर त्यांच्या विशाखाचं नाव होतं. पुढच्या जूनमध्ये पोरीला नांदेडला नर्सिंगला घालायचं होतं.

भिशी चालवणारे रेणुकादास गुरुजी त्यांना म्हणाले होते, "बाई, जूनमध्ये लागणारा पैसा जमिनीत अडकवू नका. तेव्हा गिऱ्हाईक मिळालं नाही तर काय कराल? टंचाईत सगळ्यांनाच घाई असते, म्हणून बोली खाली येते. ज्याच्या घरात पगार आणि ज्वारी आहे, त्याने थांबावं."

पण घरात रोज तिप्पट-तिप्पट ऐकून शहाणं माणूसही हलतं. बाई बोलीला गेल्या.

"अठराशे!" भिशीतला शेषेराव ओरडला.

"सोळाशे!" बसवंत.

"पंधराशे!" आपलाच आवाज ऐकून बाईंना मजा वाटली, खरंच वाटली! चौदाशे, तेराशे... बोली विहिरीत सुटलेल्या पोहऱ्यासारखी खाली निघाली. बसवंतने बाराशे म्हटलं तशी साहेबरावांनी कोपर मारली. "अकराशे म्हण!"

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अकराशे? म्हणजे पोरीचे नऊशे रुपये आपल्याच तोंडाने सोडायचे? तेही चुना बघून?

"मी न्हाई बोलत," त्या म्हणाल्या.

"अकराशे!" शेषेराव बोलायच्या आत बसवंतने स्वतःचीच बोली पाडली. लोक हसले. प्रत्येकाच्या हातात पंचेचाळीस रुपये परत आले. साहेबराव आठ दिवस बायकोशी बोलले नाहीत.

जिल्हा झाला, त्या रानात मोठा मांडव उभा राहिला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी मांडववाल्यांनी बांबू उपटून नेले. रेघा मांडवाच्या होत्या! कचेरी कुठं होणार, ते कुणीच सांगेना. बसवंतच्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळेना आणि भिशीचे हप्ते काही चुकेनात.

पुढेही बोली कधी चौदाशे, कधी पंधराशे होत राहिली. परत मिळालेल्या पैशांतून बाईंनी थोडी ज्वारी भरली, बाकी पोस्टात टाकले.

जून आला. विसावी भिशी. उचलायच्या फक्त पंचफुलाबाई उरल्या होत्या. तरी रिवाज म्हणून गुरुजींनी पुकारलं, "बोला, किती कमी घेता?"

सगळे बघत होते. बसवंतही होता, नेमाने हप्ता घेऊन आलेला.

"कायबी कमी न्हाई!" बाई ओरडल्या. "पुरे दोन हजार!"

टाळ्या पडल्या. बाईंना आनंदाने रडूच कोसळलं. बाहेर विशाखा नांदेडच्या गाडीसाठी पत्र्याची पेटी घेऊन उभी होती. साहेबरावांनी ती खांद्यावर घेतली.

"आवं, जड हाय," बाई म्हणाल्या.

"असू दे," ते म्हणाले. "मी तर ही पेटी मांडवाखाली पुरून आलो असतो."